टाकीखालची गळती आणि दुरुस्तीचा हक्क

१६ एप्रिल २०१३ रोजी मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली. तेव्हापासून पाड्यावरून स्थानक गाठणाऱ्या माणसासाठी मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही. ती रोजगाराचे साधन झाली आहे. तलासरीकडचा मजूर तर तिच्यावरच सरीगाम-वापीच्या कारखान्यांतील पाळी गाठतो. अशा गाडीच्या टाकीखाली एके सकाळी पेट्रोलचा वास यावा आणि इंजिनावर थेंब दिसावेत, ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पक्षाच्या साप्ताहिकात तिची चर्चा कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारीलही. चर्चा अशासाठी, की यंत्र विकत घेणारा माणूस त्या यंत्राचा मालक होतो की नाही, हा प्रश्न त्या थेंबात दडलेला आहे.

जुन्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरत असे. टाकी, पेट्रोल कॉक, रबरी नळी, दोन क्लिपा आणि कार्बोरेटर, एवढाच तो संसार. नळीचे तोंड कडक होऊन गळू लागले, तर तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा बसवणे हे पाड्यावरच्या कोणत्याही जाणत्या पोराचे काम होते. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता टाकीतील विजेचा पंप सुमारे तीन बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तिप्पट दाबाने, पेट्रोल इंजेक्टरकडे ढकलतो. नळीच्या टोकाला खटका असलेला प्लॅस्टिकचा कनेक्टर असतो व त्याच्या पोटात रबराची छोटी ओ-रिंग. धूर कमी करणाऱ्या या सुधारणेला कोणी विरोध करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो सुधारणेच्या आडून आलेल्या व्यवहाराला. झिजते ती काही रुपयांची कडी. पण अनेक गाड्यांत ती सुटी विकलीच जात नाही. घ्यावी लागते संपूर्ण नळी, कधी पंपाचा सारा संच, आणि वर बुडतो तो दिवसाचा रोज.

यावर ठरलेले उत्तर येते, की पेट्रोल ज्वालाग्राही आहे, अडाण्याने त्याला हात लावू नये. धोका खरा आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत पोचते. परंतु धोका असेल तर ज्ञान वाटले पाहिजे, की कुलपात ठेवले पाहिजे? हातावर पोट असलेला माणूस ज्ञानाअभावी गाडी घरी ठेवीत नाही. तो गळतीवर साबणाची वडी चोळतो, एम-सील थापतो, आणि तीच गाडी घेऊन पाळीला जातो. अज्ञानाने दुरुस्ती थांबत नाही, ती फक्त जीवघेणी होते.

वस्तुतः रीत अवघड नाही. गाडी उघड्यावर, चूल आणि विडीपासून दूर उभी करावी, इंजिन गार होऊ द्यावे, कोरडी वाळू हाताशी ठेवावी. मग पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करावे. नळीतील पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडते आणि दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी. कनेक्टरखाली फडके धरून, खटका दाबून, तो सरळ ओढावा. ओ-रिंग चिरलेली किंवा फुगलेली असेल तर त्याच मापाची, पेट्रोल व इथेनॉल सोसणारी नवी घालावी. नळाच्या दुकानातील साधी कडी चालत नाही. कनेक्टरलाच तडा गेला असेल तर तो चिकटवू नये, बदलावा. बसवताना ‘टक’ असा आवाज आला पाहिजे आणि ओढून पाहिल्यास तो निघता कामा नये. शेवटी तार व फ्यूज जोडून किल्ली दोन-तीनदा फिरवावी. पंप काही क्षण चालतो, तेवढ्यात ओल दिसते का ते पाहावे, आणि मगच इंजिन सुरू करावे. एवढा मजकूर मराठीत, चित्रांसह, एका पानावर मावतो. ते पान गाडीबरोबर मिळत का नाही?

यात इथेनॉलने भर घातली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने कबूल केले, की काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील. मात्र हा बदल स्वस्त आणि सोपा आहे. कोणाला स्वस्त? रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर तुडवणारा मजूर वर्षाच्या तीनशे दिवसांत पंधरा हजार किलोमीटर जातो. म्हणजे दीड-दोन वर्षांत ही मुदत त्याच्या दाराशी उभी राहते. साखर कारखान्याला बाजारपेठ मिळाली, सरकारचे परकीय चलन वाचले. रबराची झीज मात्र ज्याच्याशी कोणी सल्लामसलत केली नाही त्याच्या खिशावर पडली. राष्ट्रहिताचा खर्च राष्ट्राने सोसावा, एवढेच मागणे आहे.

यंत्राची किंमत दुकानातील पावतीवर संपत नाही, हे गांधीजींना १९२९ सालीच कळले होते. सुधारित चरख्यासाठी अखिल भारतीय चरखा संघाने त्या वर्षी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. त्यातील अटी अशा होत्या: किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य किमान वीस वर्षे, आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नको. आजचा कोणता कारखानदार ही तिसरी अट लिहून देईल?

कायद्याला हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले. परंतु दंड चारचाकीच्या कंपन्यांना झाला, दुचाकीवाला त्या खटल्यात नव्हताच. आणि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

येथे आपलेही चुकते. पेट्रोल एक रुपयाने महागले की आपण मोर्चा काढतो. तेच पेट्रोल फुटक्या कनेक्टरमधून थेंबाथेंबाने गळते तेव्हा तो ज्याचा-त्याचा खाजगी प्रश्न मानतो. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारली वेठीविरुद्ध एकत्र आले. त्याच वर्षीच्या लढ्यात त्यांनी मोघम न्याय मागितला नाही. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये, असा मापात बसणारा दर मागितला. मागणी अशी तोलून मांडावी लागते. प्रत्येक झिजणारा भाग सुटा, त्यावर छापील किंमत, गाडीबरोबर मराठी दुरुस्तीपुस्तिका, इथेनॉलने बाद होणारे रबरी भाग विनामूल्य, आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून गाडी वापरणाऱ्यांसाठी रविवारचे वर्ग, या पाच मागण्या तशा आहेत. पहिला वर्ग भरवायला मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. शाखेचे अंगण उघडे आहे, वाळूची बादली मिळते, आणि गळकी गाडी शोधायला फार लांब जावे लागणार नाही.