युरिक अॅसिडचा आकडा आणि हृदयाची भीती

‘फुल बॉडी चेकअप’च्या अहवालात युरिक अॅसिड ७.५ दिसले आणि त्यापुढे लाल खूण असली, की अनेक घरांत दोन गोष्टी लगेच होतात. ताटातून तूरडाळ, पालक, टोमॅटो हद्दपार होतात आणि ‘उद्या हार्टला त्रास नको’ म्हणून अॅलोप्युरिनॉलची गोळी सुरू होते. सांधा एकदाही दुखलेला नसताना केलेली ही घाई थांबायला हवी.

युरिक अॅसिड आणि हृदयविकार अनेकदा सोबत आढळतात, हे खरे. पण सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे. पेशी आणि अन्न यांतील प्युरिनच्या विघटनातून युरिक अॅसिड तयार होते. त्यातले सुमारे दोनतृतीयांश लघवीवाटे आणि उरलेले आतड्यावाटे बाहेर पडते. ते वाढलेल्या बहुतेकांमध्ये निर्मिती जास्त नसते, निचरा कमी पडतो.

निचरा का तुंबतो, हा खरा प्रश्न. पोटाचा घेर वाढून रक्तात इन्सुलिन जास्त राहू लागले, की मूत्रपिंडे युरिक अॅसिड पुन्हा रक्तात ओढून घेतात. मूत्रपिंडांचे काम मंदावले तरी आकडा चढतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि अॅस्पिरिनचा छोटा डोसही निचरा कमी करतात. म्हणजे ज्यांच्या हृदयाला आधीच धोका आहे, त्यांच्यातच हा आकडा वाढलेला दिसतो.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने १९९९ मध्ये हेच सुचवले होते. पुढे ब्रिटनमध्ये ‘ऑल-हार्ट’ चाचणी झाली. हृदयधमन्यांचा विकार असलेल्या, पण गाउट नसलेल्या, साठी ओलांडलेल्या ५,७०० हून अधिक रुग्णांचा त्यात समावेश होता. निम्म्यांना अॅलोप्युरिनॉल दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

गोळी निरुपद्रवीही नाही. क्वचित, पण जिवावर बेतणारी त्वचेची प्रतिक्रिया तिच्यामुळे येऊ शकते. गाउट किंवा युरिक अॅसिडचे खडे असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने नेटाने घ्यावेत. तसेच अॅस्पिरिन किंवा रक्तदाबाची गोळी या आकड्यापायी परस्पर बंद करणे धोक्याचे.

लाल खुणेचा उपयोग एवढाच, की रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि कमरेचा घेर तपासून घ्यावा. डाळ-पालकाने गाउटचा धोका वाढत नाही. मद्य, साखरेची शीतपेये आणि अति मांसाहार मात्र आवरावा. प्रयोगशाळांनी आकड्यासोबत त्याचा अर्थ सांगावा आणि डॉक्टरांनी कागदावर नव्हे, माणसावर उपचार करावेत. नाहीतर आकडा उतरेल आणि हृदयाचा धोका तसाच राहील.