एचआयव्ही असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी लवकर का?

एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सहापट असतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की एचपीव्ही विषाणू शरीरात ठाण मांडतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा स्त्रियांची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासूनच, दर 3 ते 5 वर्षांनी करायला सांगते.

तपासणीने जीव वाचतात, हे आपल्याच धाराशिवच्या खेड्यांनी 2009 मध्ये जगाला दाखवलं. तिथे एकाच एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

भोर-वेल्ह्याच्या (आता राजगड) डोंगरातली बाई एआरटीच्या गोळ्यांसाठी एसटीने जाते, तेव्हाच तिची एक दिवसाची मजुरी बुडते. तपासणीसाठी पुन्हा वेगळ्या दिवशी, वेगळ्या दवाखान्यात बोलावलं तर ती येणार कशी? व्हिनेगरसारखं द्रावण लावून होणारी तपासणी काही मिनिटांची असते आणि प्रशिक्षित नर्सही ती करते. ती गोळ्यांच्या दिवशीच व्हायला हवी.