ब्लू अवर, आपल्याकडचा वीस मिनिटांचा

फोटोग्राफीच्या पुस्तकांत ज्याला 'ब्लू अवर' म्हणतात, तो आपल्याकडे अवर-बिवर काही नसतो मंडळी. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ८ अंश असतो, तेवढाच हा मामला. लंडनला जूनमध्ये संधिप्रकाश पाऊण तास रेंगाळतो. भंडाऱ्याला, २१ अक्षांशावर, सूर्य बराच सरळ खाली उतरतो. हातात पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात ट्रायपॉड उघडा, फ्रेम लावा आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या काकांच्या "चॅनलवाले का?" ला उत्तरही द्या.

बहुतेकांना वाटतं की दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने हेही निळं. तसं नाही. १९५३ साली एडवर्ड हलबर्टने दाखवून दिलं की मावळतीनंतर डोक्यावरच्या निळाईत मोठा वाटा ओझोनचा असतो. तिरपा प्रकाश ओझोनच्या थरातून लांबून येतो, त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषला जातो आणि निळा उरतो. आता एवढं सगळं घडून आलेला रंग आपला कॅमेरा 'ऑटो व्हाइट बॅलन्स'मध्ये निमूट पुसून टाकतो! फोनचा नाइट मोड तर संध्याकाळची दुपारच करतो. माझं स्पष्ट मत आहे, दोन्ही बंद करा. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास बांधून टाका, आयएसओ १००, एफ/८, आणि शटर काही सेकंद उघडं राहू द्या. फोटो काळपट आला तर येऊ दे, संध्याकाळ काळपटच असते.

सध्या आमच्याकडची हिट जागा म्हणजे अंभोरा. पाच नद्यांचा संगम, आणि नागपूर-भंडारा जिल्हे जोडणारा, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला केबलचा पूल. भंडाऱ्याच्या काठावरून पश्चिमेकडे पाहिलं की खाली नारिंगी पट्टा, वर निळं, मधे पुलाच्या तारा, आणि पाणी आरशासारखं स्थिर.

या स्थिर पाण्याबद्दलच मला बोलायचंय. वैनगंगा इथे अशी थांबून नव्हती. खाली पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण आहे, त्याचं भूमिपूजन १९८८ सालचं. आरसा दिसतो तो त्या धरणाचा फुगवटा. या पाण्यासाठी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना उठावं लागलं. पुनर्वसनाची भांडणं वर्षानुवर्षं चालली. लॉंग एक्स्पोजरमध्ये मात्र लाट जाते, डोंगा जातो, माणूस जातो. उरतो फक्त शांत निळा रंग. खाली कॅप्शन 'निसर्गाच्या कुशीत'. अहो, कसला निसर्ग? सिंचन खात्याचा जलाशय आहे तो.

फोटो काढू नका असं मी म्हणत नाही, मीही दर हिवाळ्यात काढतो. फक्त शटर थोडं लवकर बंद करतो, म्हणजे डोंगेवाला पुसट का होईना, राहतो. आणि खाली लिहितो, 'गोसेखुर्दचं बॅकवॉटर, अंभोरा'. लाइक्स कमी येतात. :)