यंत्र दिले, पुढे काय?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलाला डायलिसिस जीवदान देते. त्याच उपचारातून त्याला हेपटायटिस सीची लागण झाली, तर तो दैवाचा भाग समजून गप्प बसणे बालरोगतज्ज्ञ म्हणून मला मान्य नाही. आठवड्यातून तीनदा, म्हणजे वर्षाकाठी सुमारे दीडशे वेळा या मुलाचे रक्त शरीराबाहेर काढून परत आत सोडले जाते. न बदललेले हातमोजे, अनेकांसाठी वापरलेली हेपॅरिनची एकच कुपी, खुर्चीवर राहून गेलेला रक्ताचा थेंब, एवढी वाट या विषाणूला पुरते.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. भारतातील रक्तपेढ्यांत त्याची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली आणि रक्त चढवण्यातील धोका पुष्कळ घटला. पूर्वीचे उपचारही बिकट होते. इंटरफेरॉनमुळे प्रत्यारोपित मूत्रपिंड नाकारले जाण्याची भीती असे, तर रिबाव्हिरिनमुळे आधीच असलेला रक्तक्षय वाढे. आता थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांनी बहुधा आठ ते बारा आठवड्यांत शंभरापैकी ९५हून अधिक रुग्ण बरे होतात. अमेरिकेत तीन वर्षांवरील मुलांसाठीही त्यांना मान्यता आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपटायटिस सीची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

औषध आहे, मग चिंता कशाची, असे काही सहकारी विचारतात. परंतु या आजारावर लस नाही आणि एकदा बरे झाल्याने पुढचे संरक्षणही लाभत नाही. बरे झालेले मूल पुन्हा त्याच खुर्चीवर बसते.

बाधितांसाठी वेगळे यंत्र ठेवले की काम झाले, हा समजही फसवा आहे. केडिगोची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका त्याची शिफारस करीत नाही. प्रत्येक रुग्णामागे काटेकोर स्वच्छतेचा आग्रह धरते. या रुग्णांत केवळ प्रतिपिंडांची तपासणी कधीकधी चकवते, म्हणून डायलिसिसच्या आरंभी विषाणूच्या आरएनएची आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी. बरे झाल्यावरही प्रतिपिंडे रक्तात राहतात. तेवढ्यावरून मुलाला ‘बाधित’ ठरवून त्याचे प्रत्यारोपण लांबवणे हा अन्याय होय.

आपल्या समाजाला दानाची परंपरा नवी नाही. डायलिसिसचे यंत्र भेट देता येते, त्यावर नावाची पाटीही लागते. एका जादा परिचारिकेच्या वेतनावर किंवा इंजेक्शने भरण्याच्या स्वतंत्र टेबलावर पाटी लावता येत नाही, म्हणून त्यांना दाता मिळत नाही. यापुढे यंत्र देणाऱ्या प्रत्येकाने, आणि आपला रुग्ण तेथे पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने, तीन प्रश्न अवश्य विचारावेत: एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? इंजेक्शने कोठे भरली जातात? या मुलांची शेवटची तपासणी कधी झाली?