इंदूरचा ‘नोटा’ : राग मोजला गेला, खात्यावर मात्र जमा झाला नाही

इंदूर : स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवायची सवय लागलेल्या या शहराने ४ जून २०२४ रोजी आणखी एक पहिला नंबर पटकावला. लोकसभेच्या मतमोजणीत इथे ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला, २,१८,६७४ मते पडली. त्याआधी देशातल्या कुठल्याही मतदारसंघात नोटाला इतकी मते मिळाली नव्हती. आधीचा विक्रम बिहारच्या गोपालगंजचा होता, २०१९ मधला, ५१,६६० मतांचा. इंदूरने तो चौपटीहून जास्त मते देऊन मोडला.

भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मते मिळाली आणि ते ११,७५,०९२ मतांनी निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावरचे बसपचे उमेदवार ५१,६५९ वर थांबले. म्हणजे खरा दुसरा क्रमांक नोटाचा. पण निकालाच्या कागदावर नोटाला क्रमांक नसतो. प्रश्न इथूनच सुरू होतो. सव्वादोन लाखांच्या जवळपास माणसे मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घरी आली. त्यांच्या पदरात काय पडले?

दोन आठवडे आधी मैदान रिकामे

काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला आणि ते थेट भाजपमध्ये गेले. काँग्रेसच्या पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झालेला होता, हायकोर्टातूनही दिलासा मिळाला नाही. मतदान १३ मे रोजी होते. काँग्रेसकडे चिन्ह होते, कार्यकर्ते होते, पण उमेदवार नव्हता. मग पक्षाने लोकांना नोटाचे बटण दाबायला सांगितले.

त्याच्या आठवडाभर आधी सुरतमध्ये काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. तिथे मतदानच झाले नाही, त्यामुळे नोटाचाही प्रश्न आला नाही. इंदूरमध्ये १४ उमेदवार शिल्लक होते म्हणून निदान यंत्र तरी लागले.

इथल्या जुन्या मराठी घरांना हे जास्त लागले. कारण सुमित्रा महाजन. १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठी यांच्यासारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून त्या दिल्लीला गेल्या आणि २०१४ पर्यंत सलग आठ वेळा निवडून आल्या. त्या प्रत्येक वेळी समोर कोणीतरी होते. बम यांच्या माघारीनंतर ताईंनी स्वतः आश्चर्य व्यक्त केले, इंदुरात भाजपला हरवणे अवघड असताना असे व्हायला नको होते असे म्हटले आणि काही सुशिक्षित लोक आपल्याला फोन करून नोटा दाबणार असे सांगत आहेत, हेही जाहीरपणे सांगितले. म्हणजे सगळीच नाराजी काँग्रेसवाल्यांची होती असे म्हणता येत नाही.

आकडे काय सांगतात

२०१९ मध्ये लालवानींना १०,६८,५६९ आणि काँग्रेसचे पंकज संघवी यांना ५,२०,८१५ मते होती. २०२४ मध्ये भाजपची मते दीड लाखांहून जास्त वाढली. मतदान मात्र सुमारे ६९ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या खाली आले. मत गुप्त असते, त्यामुळे कोणाचे मत कुठे गेले हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एवढे दिसते की काही मते भाजपकडे वळली, मोठा हिस्सा नोटाकडे गेला आणि बरेच लोक घरीच बसले. ‘निकाल आधीच लागलाय, जाऊन काय करायचं’ असा हा हिशेब.

आता कायद्याची बाजू बघा. २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने नोटा आणला, तो नाकारणाऱ्याचेही मत गुप्त राहावे म्हणून. त्याआधी कोणालाच मत द्यायचे नसेल तर मतदान केंद्रावर रजिस्टरमध्ये तशी नोंद करून सही करावी लागे, म्हणजे साऱ्या गल्लीला कळे. नोटाने ती अडचण दूर केली. निकाल बदलण्याची ताकद मात्र त्याला दिली गेली नाही. सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार जिंकतो, मग नोटा त्याच्या पुढे असला तरी. अनामत रक्कम वाचवायला वैध मतांचा सहावा भाग लागतो, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत.

इंदूरला हे लावून पाहा. झालेल्या मतदानात नोटा सुमारे १४ टक्के होता आणि लालवानींचा वाटा साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. नोटा बाजूला काढला की तोच वाटा ९१ टक्क्यांवर जातो. म्हणजे लोकांनी नाराजीने टाकलेले मत हिशेबातून वजा झाले की विजय आणखी मोठा दिसतो! वहीत नोंद आहे, पण ना जमेला, ना नावे.

राग फक्त उमेदवाराचा नव्हता

इंदूर हे व्यापाऱ्यांचे गाव. नोटबंदी, मग जीएसटी, हे सगळे इथल्या कापड बाजाराने आणि सियागंजने अंगावर घेतले. २०२४ च्या सुरुवातीला बाजारात वेगळीच चिंता होती : प्राप्तिकर कायद्याचे कलम ४३-बी (एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, दिले नाहीत आणि वर्षअखेर ते थकीत राहिले, तर ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरली जात नाही. तिच्यावर कर भरावा लागतो. वजावट मिळते ती पैसे देऊ त्या वर्षी.

हेतू चांगला, छोट्या कारखानदाराचे पैसे अडकू नयेत. पण कापडाच्या धंद्यात तीन-तीन महिन्यांची उधारी चालते. घाऊक व्यापाऱ्याने यंत्रमागवाल्याला ४५ दिवसांत द्यायचे, आणि त्याला किरकोळ दुकानदाराकडून येणे मात्र सावकाश, कारण निव्वळ व्यापाऱ्याला या कलमाचे संरक्षण नाही. बऱ्हाणपूर, मालेगाव, इचलकरंजी इथल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. असा प्रश्न निवडणुकीत यायला हवा. सत्ताधारी उमेदवाराला कोणीतरी समोर उभे राहून विचारायला हवे आणि त्याने उत्तर द्यायला हवे. इंदूरमध्ये मतदानाच्या दोन आठवडे आधी विचारणाराच निघून गेला.

तरुणांचे दुखणे वेगळे. राज्य लोकसेवा आयोगाचे कार्यालय इंदुरातच आहे. ओबीसी आरक्षणाच्या कोर्टातल्या वादामुळे ८७ टक्के जागांचे निकाल लावायचे आणि १३ टक्के रोखून ठेवायचे, असा फॉर्म्युला निघाला आणि परीक्षा देणारी मुले त्यात अडकली. डिसेंबर २०२४ मध्ये ही मुले कडाक्याच्या थंडीत रात्रंदिवस आयोगासमोर बसली, तेव्हा कुठे सरकारने चर्चेला बोलावले.

आणि हुकुमचंद मिल? ती १९९२ मध्ये बंद पडून अवसायनात गेली. थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ ला निघाला, सुमारे ४,८०० कामगारांसाठी. पैसे मिळाले हे खरे, त्याचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे. पण मधली तीस वर्षे कामगार कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. कितीतरी जण वाट बघत गेले.

राग पोहोचवणारी वाट

ऑस्ट्रेलियातही लोक महागाई, घरभाडे आणि कर्जाच्या हप्त्यांनी वैतागले. मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात तिथल्या रिझर्व्ह बँकेने व्याजदर ०.१० वरून ४.३५ टक्क्यांवर नेला. तिथे मतदान सक्तीचे आहे, गैरहजर राहिल्यास २० डॉलर दंड. मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा लागतो. त्यामुळे मोठ्या पक्षांवर रागावलेला माणूस पहिली पसंती अपक्षाला देतो आणि तरी त्याचे मत वाया जात नाही. २०२२ मध्ये मजूर पक्षाला पहिल्या पसंतीची ३३ टक्केसुद्धा मते नव्हती, तरी सरकार त्यांचेच आले, आणि सिडनी-मेलबर्नच्या सुखवस्तू भागांत अपक्ष महिला निवडून आल्या. २०२५ मध्ये तर विरोधी पक्षनेते पीटर डटन स्वतःची जागा हरले. पद्धत आदर्श आहे असे नाही, पण नाराजी कुठेतरी पोहोचते.

तेवढे लांब जायचीही गरज नाही. महाराष्ट्रात २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतांसह दुसरा आला. तिथेही फळ शून्य, कारण विधानसभेला केंद्राचा कायदा. पण स्थानिक निवडणुकांसाठी महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्येच आदेश काढला, की नोटाला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. लोकसभेलाही असेच व्हावे, अशा मागणीच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२४ रोजी केंद्रीय निवडणूक आयोगाला नोटीस काढली. इंदूरची माघार त्यानंतर तीनच दिवसांनी झाली.

अर्थात इंदूरमध्ये हा नियम असता तरी निकाल बदलला नसता. नोटा विजेत्यापेक्षा दहा लाख मतांनी मागे होता. इथले दुखणे आधीचे आहे : मोठ्या पक्षाचा उमेदवार शेवटच्या दिवशी गेला, तर त्या पक्षाला दुसरा देण्याची सोय कायद्यात नाही. उमेदवाराचा मृत्यू झाला तर आहे, पलटी मारली तर नाही. नोटा वाढवा ही मागणी ठीक, पण माघारीनंतर पक्षाला चार दिवसांची मुदत द्या ही मागणी इंदुरातून जायला हवी होती. ती ठामपणे कोणी केलीच नाही, काँग्रेसनेही नाही.

इंदूर महापालिकेची मागची निवडणूक २०२२ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये अपेक्षित आहे. महाराष्ट्रासारखा नियम मध्य प्रदेशचा आयोगही करू शकतो. सव्वादोन लाखांच्या जवळपास लोकांनी एकदा बटण दाबून झाले, आता तेवढ्यांनी तेवढे पत्र जरी लिहिले तरी पुष्कळ.