घोडेगावात शिडाची नाव

घोडेगावला समुद्र नाही, बंदर नाही. गावाचे नाव झाले ते जनावरांच्या बाजारामुळे आणि कांद्याच्या लिलावामुळे. अशा गावातल्या मुलामुलींनी रेडिओ-नियंत्रित शिडाच्या छोट्या नावा बांधाव्यात, असे मी म्हटले की ऐकणारा प्रथम हसतो. मग विचारतो, पाणी कुठे आहे? आणि हा तर पैसेवाल्यांचा नाद!

पाण्याचे उत्तर सोपे आहे. अर्धा-पाऊण मीटर खोलीचे, झुडपे नसलेले पाणी पुरते, आणि शेततळी आता आपल्या नेवासे तालुक्यात नवलाची राहिलेली नाहीत. जायकवाडीचा फुगवटा जवळ असला तरी ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथे परवानगीवाचून जाऊ नये. वाऱ्याची तर शंकाच नको. आपल्याच जिल्ह्यात कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. एवढे मात्र खरे की शेततळ्याच्या उंच बांधाआड वारा तुटतो आणि भोवरे घेतो. म्हणून नाव मधोमध ठेवावी.

दुसऱ्या आक्षेपामागे एक गैरसमज आहे. रेडिओ ही नाव चालवतो असे लोकांना वाटते. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात बिनतारी संदेशाने चालवून दाखवलेल्या नावेत विजेची मोटर होती. शिडाच्या नावेत तशी मोटर नसते. नाव चालवतो वारा. रेडिओची कामे दोनच : एक छोटी मोटर सुकाणू वळवते, दुसरी शिडाची दोरी ओढते किंवा सैल सोडते. बाकी सारे चालवणाऱ्याच्या डोक्यात. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीच शिडाची नाव जात नाही. साधारण पंचेचाळीस अंशांनी तिरके जायचे, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरके, असे नागमोडी पुढे सरकायचे. हे पुस्तकात वाचून कळत नाही, तळ्यावर अर्ध्या तासात कळते.

नाव उलटत का नाही, हा प्रश्न मला शिडाहूनही मोलाचा वाटतो. या खेळात ‘इंटरनॅशनल वन मीटर’ नावाचा वर्ग जगभर खेळला जातो. त्यातील नाव जास्तीत जास्त एक मीटर लांब आणि किमान चार किलो वजनाची. त्या चार किलोंपैकी सव्वादोन ते अडीच किलो वजन तळाखालच्या पात्यात आणि त्याच्या टोकाच्या शिशात असते! वरचे देखणे शीड उभे राहते ते पाण्याखालच्या, न दिसणाऱ्या वजनावर.

आरंभाला अर्ध्या मीटरची नाव पुरे. थर्माकोलचा ठोकळा कापून घासावा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेव्हिकॉलने थरावर थर चिकटवाव्यात आणि वर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. थर्माकोलवर थेट पॉलिस्टर रेझीन ओतू नये. ते त्याला विरघळवते. डोलकाठीला बांबूची कामटी, शिडाला जुन्या छत्रीचे कापड. शिसे वितळवण्याच्या भानगडीत पडू नये, त्याची वाफ विषारी. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती तयार वजने बांधावीत. रेडिओ प्रथम घेऊच नये. सुकाणू पक्के बांधून नाव सोडावी आणि पलीकडच्या काठावर मित्राने धरावी. अमेरिकेतील मार्बलहेड गावी १९३० च्या सुमारास पन्नास इंची नावांचा वर्ग सुरू झाला, तोही आधी रेडिओवाचूनच.

एका बाबतीत मी कडक आहे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही, आणि मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. नाव अडकली तर कोणीही पाण्यात उतरायचे नाही. दोरीला चेंडू बांधून पलीकडे टाकावा आणि ओढून आणावी. दोरी बांधलेली हवेची ट्यूब काठावर हवीच. मालकाची परवानगीही.

एनसीसीच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते, पण ती नौदल विभागाच्या छात्रांसाठी. कला शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांच्या हातात करवत आणि कानस यावी, असे कोणाला वाटतच नाही. इतिहासाच्या तासाला आम्ही आंग्र्यांच्या आरमारावर टिपणे लिहितो. त्यांची गलबते वाऱ्यावर कशी वळत असतील, हे आमच्यातील कितीजणांना सांगता येईल?

जिमखान्याच्या पैशांतून दरवर्षी बॅटी आणि चेंडू येतात, येऊ देत. यंदा त्यांच्या जोडीला दोन रेडिओ संच घ्यावेत, एवढेच मागणे. नावा आम्ही बांधू.