डॉक्टरसाहेब, पेशंटचा वेळ फुकटचा नाही

पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा. कुणा एका दवाखान्याबद्दल नाही, म्हणून नाव घेत नाही. टोपी ज्याला बसेल त्याने घालावी.

सकाळी साडेसहाला गावातल्या कुठल्याही चालत्या दवाखान्यासमोरून चक्कर मारा. शटर बंद, पायरीवर माणसं. काही ठिकाणी माणसंही नाहीत, नुसत्या चपला, पिशव्या, एखादी फाईल आणि ती उडू नये म्हणून वर दगड. ही नंबरची रांग. चिठ्ठी आठला मिळणार. डॉक्टर किती वाजता येणार? "येतीलच." आणि माझा नंबर कधी लागणार? "बसा, नाव पुकारतो."

माझं सगळं भांडण या "बसा"शी आहे. चिठ्ठीवर नंबर असतो, वेळ नसते.

साधा हिशोब करू. ओपीडी साडेदहा ते अडीच धरा. चार तास, म्हणजे २४० मिनिटं. पेशंट ६०. एकाला सरासरी ४ मिनिटं. मग पंचेचाळीसाव्या नंबरला साधारण दीड वाजणार, हे चिठ्ठी फाडतानाच कळतंय की! "मावशी, तुम्ही एकला या" एवढं सांगायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं? पण सांगत नाहीत. मावशी साडेसहापासून दीडपर्यंत बसते. सात तास, चार मिनिटांसाठी.

यावर "पेशंटच जास्त आहेत, आम्ही काय करणार" असं उत्तर येतं. पेशंट जास्त आहेत हे खरं, डॉक्टर कमी आहेत हेही खरं. पण ६० पेशंट तपासायला चार तास लागतात म्हणून ६० जणांना एकाच वेळी बोलवायचं हे कुठलं शास्त्र? पिठाच्या गिरणीवाला सुद्धा डबा ठेवून घेतो आणि "पाचला या" म्हणतो.

याची किंमत कोण भरतं ते बघा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाई दवाखान्यात आली की तिचा रोज बुडतो. सोबत सून किंवा मुलगा आला की दोन रोज बुडाले. म्हणजे डॉक्टरांच्या फीपेक्षा बाकड्यावर बसायची फी जास्त. सरकारने २०२२ मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट केली, २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट केलं. चांगलं केलं. पण तिकीट अर्धं झालं तरी दिवस पूर्णच जातो. आणि दुपारची गाडी चुकली तर पुढची थेट मुक्कामी.

शुगरचे पेशंट तर विचारूच नका. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग जेवायचं, मग जेवणानंतर दोन तासांनी परत रक्त. हे सगळं घड्याळावर चालतं आणि दवाखाना चालतो अंदाजावर. आजोबा समोरच्या हॉटेलात पोहे खायला जायलाही घाबरतात. तेवढ्यात नाव पुकारलं तर? "तुमचा नंबर गेला, आता सगळ्यात शेवटी." इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेतलेल्या माणसाने वेळेवर खाल्लं नाही तर साखर उतरून तो चक्कर येऊन पडू शकतो. हे मी डॉक्टरांना सांगायची गरज नाही. मग त्यांच्याच दवाखान्यात त्यांचाच पेशंट उपाशी का बसलेला असतो?

आता फोनचं ऐका. बोर्डावर नंबर ठळक, पण उचलत कुणी नाही. उचललाच तर "फोनवर नंबर मिळत नाही, समक्ष या." काही ठिकाणी आता मोबाईलवर मेसेज येतो, तो इंग्रजीत. ज्या आजीला सही येत नाही तिला इंग्रजीत कन्फर्मेशन! दोन ओळी मराठीत लिहायला कुणी अडवलंय?

आणि सगळ्यात संताप येतो तो शटरवरच्या कागदाचा. "डॉक्टर बाहेरगावी आहेत. ओपीडी बंद राहील." पंचवीस किलोमीटरवरून आलेला माणूस हा कागद शटरसमोर उभा राहून वाचतो. लग्न असो की कॉन्फरन्स, तारीख आधीच ठरलेली असते. "आठ दिवसांनी या" हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं आणि पेशंटचा मोबाईल नंबर केसपेपरवर लिहिलेला असतो. आदल्या संध्याकाळी वीस फोन केले असते तर वीस घरांची खेप वाचली असती.

काउंटरवरच्या मुलीचं पण बोलू. तुटपुंजा पगार, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पैसे, समोर चाळीस माणसं. तीच नंबर लावणार, तीच रिपोर्ट शोधणार, तीच शिव्या खाणार. आणि तीच सगळ्यांदेखत मोठ्याने विचारणार, "काय त्रास होतोय?" अंगावरून जाणाऱ्या बाईने, मूळव्याधीच्या माणसाने तिथे काय सांगायचं? यात त्या मुलीचा दोष नाही. तिला कुणी शिकवलंच नाही.

डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे, तीही लिहितो. मध्येच इमर्जन्सी येते. छातीत दुखणारा माणूस आला तर साठच्या साठ पेशंटनी थांबलं पाहिजे, यात वाद नाही. पण "साहेब इमर्जन्सीत आहेत, एक तास उशीर होईल" हे बाहेर येऊन सांगितलं की माणसं समजून घेतात. काहीच न सांगता आत कोण गेलं हे दिसत राहिलं की भडकतात. कारण आत गेलेला प्रत्येक जण इमर्जन्सी नसतो. कुणी बॅगवाला एमआर असतो, कुणी नगरसेवकाचा मेहुणा.

डॉक्टरांवर हल्ले होऊ नयेत म्हणून महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. हवाच. डॉक्टरवर हात उचलणाऱ्याची बाजू कुणीही घेऊ नये. पण रोजच्या बाचाबाचीचं मूळ औषधात कमी आणि काउंटरवर जास्त आहे, हे मी रोज बघतोय.

फी फलकावर लावावी हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. जिथे पेशंट ॲडमिट करतात त्या हॉस्पिटलांना २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आपल्या गावात किती ठिकाणी लागलीय ते तुम्हीच बघून या. पण पेशंटला वेळ सांगायला कायद्याची वाट कशाला बघायची?

मागण्या साध्या आहेत. ॲप नको, टचस्क्रीन नको. एक वही, एक फोन आणि तो उचलणारं एक माणूस पुरे.

१) चिठ्ठीवर नंबरसोबत अंदाजे वेळ लिहा. अर्ध्या तासाला सात-आठ जण बोलवा, मधे थोडी जागा इमर्जन्सीसाठी मोकळी ठेवा.
२) रोज ठरलेले दोन तास फोनवर नंबर द्या. काही नंबर फोन न जमणाऱ्यांसाठी आणि लांबच्या गावांसाठी राखून ठेवा.
३) नुसता रिपोर्ट दाखवायला आलेल्यांची वेळ वेगळी ठेवा.
४) उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले, गरोदर बाया आणि तान्ही लेकरं आधी घ्या. तसा बोर्ड लावा, म्हणजे भांडण होणार नाही.
५) एमआरना ओपीडी संपल्यावर भेटा. ओळखीचा माणूस नंबरानेच आत येईल, मग तो नगरसेवक असो, पोलीस असो नाहीतर पत्रकार.
६) उशीर झाला तर दर अर्ध्या तासाला फळ्यावर लिहा: "आता नंबर २२ चालू."
७) सुट्टी असेल तर आदल्या दिवशी पेशंटला फोन करा किंवा मराठीत मेसेज टाका.

आता थोडं आपलंही. फोनवर नंबर लावायचा आणि यायचंच नाही, तीन दवाखान्यांत तीन नंबर लावून ठेवायचे, एकाच्या नंबरवर घरातली चार माणसं दाखवायची, हे आपणच करतो. काउंटरवरच्या पोरीला अरे-तुरे आपणच करतो. येणं जमत नसेल तर एक फोन करा, तुमच्या जागी दुसरा माणूस तपासून होईल. वेळ पाळायची तर दोघांनी पाळायची.

गावातल्या डॉक्टर मंडळींची संघटना आहे, महिन्याला बैठका होतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. एका दवाखान्याने महिनाभर करून बघावं. जमलं तर फोटोसकट बातमी मी करतो, आणि नाही जमलं तर का नाही जमलं तेही लिहितो.

कमेंटमध्ये तुमचा अनुभव लिहा. डॉक्टरचं नाव नको, शिव्या नकोत. फक्त दोन गोष्टी: किती वाजता गेलात आणि किती वाजता आत बोलावलं. आठ दिवसांनी हे सगळे आकडे एका कागदावर घेऊन मी स्वतः संघटनेच्या अध्यक्षांना भेटणार आहे. भेटीची वेळ ते देतील त्याच वेळेला.